ड्रिवल आणि ड्रोन यांच्यामध्ये

"कोशात एकही खोटा शब्द नसतो. कोश म्हणजे भाषेचं न्यायालय, आणि या न्यायालयात खोटी साक्ष चालत नाही," मुख्य संपादक म्हणाले आणि टाळी पडावी म्हणून जरा मागे रेलले. टाळी पडली नाही. त्यांच्या खुर्चीचं मागचं चाक तेवढं पडलं, आणि न्यायालय एका बाजूला कललं.

समोर बसलेल्या मालकांनी वाक्य जाहिरातीसाठी टिपून घेतलं. अर्थराव मात्र कुणी न सांगता उठले, कपाटाखाली घरंगळलेलं चाक काढलं, टेबलावरच्या रद्दीतला कागद चौघडी करून खाचेत कोंबला आणि तळहाताने दोन ठोसे देऊन चाक बसवलं. हे काम त्यांच्याकडे कधी आलं, हे कार्यालयात कुणालाच आठवत नव्हतं. कोशाचं कामही त्यांच्याकडे असंच आलं होतं.

अर्थराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. या प्रकाशनात उपसंपादक म्हणून चिकटले तेव्हा त्यांना चांगलं नाव होतं. पण येणारा-जाणारा 'याचा अर्थ काय हो?' म्हणून विचारू लागला आणि मूळचं नाव मागे पडलं, ते पडलंच. अपरिचित इंग्रजी शब्द आणि विलायतेतल्या रस्त्यावरची बोली यांचे मराठी अर्थ देणारा जाडजूड कोश ही प्रकाशनाची दुभती गाय. तिचा चारापाणी, शेणगोठा आणि धार काढणं हे सगळं अर्थराव बघत. शिंगांना रंग मुख्य संपादक लावत.

पहिल्या आवृत्तीच्या वेळी मुख्य संपादकांनी स्वतःच्या हाताने थोड्या नोंदी लिहिल्या होत्या, नाही असं नाही. 'किक द बकेट' या प्रयोगाचा अर्थ त्यांनी 'गवळ्याने रागाच्या भरात बादली लाथाडणे' असा दिला होता. 'स्पिल द बीन्स' म्हणजे 'स्वयंपाकघरातील निष्काळजीपणा'. पहिल्याचा अर्थ मरणे आणि दुसऱ्याचा गुपित फोडणे असा करून अर्थरावांनी गवळ्याची आणि स्वयंपाकघराची गुपचूप निर्दोष सुटका केली. कोश आला. शीर्षकपानावर 'संपादक' या शब्दाखाली मुख्य संपादकांचं नाव असं ठळक होतं, की आंधळ्याला बोटाने वाचता यावं. अर्थराव प्रस्तावनेत होते. कागद पुरवणाऱ्याच्या आभारानंतर 'ज्यांनी प्रुफे चाळली त्यांचाही मी ऋणी आहे' एवढ्या वाक्यात ते मावले होते.

त्या दिवशी मुख्य संपादकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "छान झालंय हं तुमचं. असंच चालू ठेवा."

दुसऱ्या आवृत्तीला वाक्य तेच होतं आणि थापही तीच होती.

आता तिसरी आवृत्ती छापायला निघाली होती, आणि ती बाहेर पडली की अर्थराव निवृत्त व्हायचे होते. या वेळी मात्र मुख्य संपादकांनी शब्द दिला होता. शीर्षकपानावर त्यांच्या नावाखाली वेगळ्या ओळीत अर्थरावांचं नाव येणार होतं. कच्चं प्रूफही निघालं होतं. अर्थरावांनी ते घरी नेऊन बायकोला दाखवलं, आणि बायकोने ताबडतोब आपल्या भावाला कळवलं.

हा मेव्हणा म्हणजे कोशाच्या भाषेत क्विडनंक, म्हणजे गावभरच्या चांभारचौकशा करणारा इसम. आधीच्या दोन्ही आवृत्त्या आल्या तेव्हा तो घरी येऊन पानं उलटत म्हणाला होता, "दाजी, भिंग आहे का हो घरात? तुमचं नाव शोधतोय." बायको तेव्हा आत जाऊन भांडी घासत बसली होती, घासलेलीच.

"या वेळी येऊ दे त्याला," ती म्हणाली. "भिंग मीच देणार आहे हातात."

तर अशी सगळी नीट घडी बसली असताना रस्त्यापलीकडच्या प्रकाशनाने आपला नवा कोश बाजारात आणला.

मुख्य संपादकांनी तो चाळला आणि अर्थरावांना हाक मारली. "अर्थराव, हा आपला कोश उचललाय त्यांनी. मला वास येतोय. आपला सापळा कुठला होता?"

सापळा ही कोशवाल्यांची जुनी रीत. हजारो खऱ्या शब्दांत एक शब्द मनाचा घडवून घालायचा. जगात तो कुणीच बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या कोशात सापडला की चोरी पकडली गेली. नियम एवढाच, की सापळ्याचा कागद करायचा नाही. ज्याने शब्द घडवला त्याने तो मुख्य संपादकांच्या कानात सांगायचा, बस्स. कागद झाला की चार डोळ्यांपुढे येतो, आणि सापळ्याचा उंबरठा होतो, जो तो ओलांडून जातो. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अर्थरावांनी तो शब्द मुख्य संपादकांच्या कानात सांगितला होता. मुख्य संपादक तेव्हा जेवत होते. 'हं, हं, चालेल,' म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला होता. अर्थ काय घातलाय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

"ड्रॉफल," अर्थराव हळूच म्हणाले.

मुख्य संपादकांनी पलीकडच्यांच्या कोशात 'डी'ची पानं उलटली. ड्रिवल म्हणजे मूर्खासारखी बडबड. ड्रोन म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा मधमाश्यांमधला नर. आणि या दोघांच्या मध्ये, शेजारपाजार बघून जागा घेतल्यासारखा, ड्रॉफल बसला होता. अर्थासकट उचललेला, एका अक्षराचाही फरक नाही.

मुख्य संपादकांनी तो मोठ्याने वाचला. "ड्रॉफल, क्रियापद. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालून वर त्याच्याच पाठीवर शाबासकीची थाप मारणे."

पहिल्या आवृत्तीच्या थापेनंतर रागाच्या भरात लिहिलेला तो अर्थ इतकी वर्षं कोशात निवांत झोपला होता, आणि ज्याच्यावर लिहिला तो माणूस आज प्रथमच तो वाचत होता. मुख्य संपादक थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"काय अचूक अर्थ आहे हो," ते म्हणाले. "असे लोक असतात. मी स्वतः पाहिलेत."

अर्थरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो पुरता बाहेर पडायच्या आत त्यांना वाईटही वाटलं. एवढा जपून मारलेला दगड लागला तर नाहीच, वर ज्याला मारला त्याने नेमबाजीचं कौतुक केलं.

मालकांना बातमी कळताच त्यांच्या अंगात आलं. पलीकडच्यांना कोर्टात खेचायचं, कोश मागे घ्यायला लावायचा, पेपरात माफी छापून घ्यायची, असं सगळं ठरलं. अर्थराव घरी आले ते नेहमीपेक्षा ताठ चालत.

जेवायला बसले तर मुलगी तणतणत होती. ती एका विमा कंपनीत कामाला. "आमच्या मॅनेजरनं आज मला सरळ ड्रॉफल केलं. अख्खा अहवाल माझा, वर नाव त्याचं, आणि सगळ्यांसमोर मला म्हणतो, कीप इट अप."

अर्थरावांचा घास हातातच राहिला. "काय केलं म्हणालीस?"

"ड्रॉफल. बाबा, तुम्ही कोशात काम करता आणि एवढं माहीत नाही?"

"तुला कुठं मिळाला हा शब्द?"

"मिळायला काय हरवला होता? सगळेच म्हणतात. आमच्या क्लासमध्ये परीक्षेला पाठ करून घेतला होता. आता तर ऑफिसात फलक आहे, इथे ड्रॉफल करू नये."

"अगं, तो शब्द मी केलाय."

मुलीने आईकडे बघितलं, आईने मुलीकडे. "बाबा, शब्द काय कुणी करतं का? ते असतातच."

"मी केलाय म्हणतोय ना. तो सापळा आहे."

"बरं बरं," बायको म्हणाली, "जेवा आधी. दमलात तुम्ही."

अर्थरावांना त्या रात्रभर आपण नक्की कशात अडकलोय ते कळेना. उंदरासाठी लावलेल्या पिंजऱ्यात हत्ती येऊन बसावा, आणि लोकांनी म्हणावं की हत्ती इथलाच, असं काहीसं झालं होतं.

पलीकडचे संपादक नोटिशीला उत्तर द्यायला स्वतःच चालत आले. वयस्कर, किडकिडीत, आणि चोरी पकडली गेलेल्या माणसाला न शोभेल इतके प्रसन्न. त्यांनी मालकांच्या टेबलावर कात्रणांचा गठ्ठा ठेवला. अग्रलेखात ड्रॉफल होता. महाविद्यालयाच्या निरोपसमारंभाच्या भाषणात ड्रॉफल होता. एका घटस्फोटाच्या अर्जातसुद्धा नवऱ्याने आयुष्यभर ड्रॉफल केल्याची तक्रार होती.

"शब्द लोकांचा आहे," ते म्हणाले. "आम्ही लोकांतून घेतला."

"आणि अर्थ?" मालक गरजले. "तो अक्षरन् अक्षर आमचा आहे."

"शब्द एक, अर्थ एक. मग अक्षरं तरी वेगळी कुठून आणू?"

"तो शब्द खोटा आहे," मालक म्हणाले.

पलीकडच्यांनी खिशातून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं आणि जाहिरातीवर बोट ठेवलं. 'कोशात एकही खोटा शब्द नसतो.' खाली मुख्य संपादकांचा फोटो, खुर्चीत, सरळ बसलेला.

"खोटा म्हणालात तर तुमचा कोश खोटा," ते म्हणाले. "खरा म्हणालात तर माझा कोश खरा. तुम्ही ठरवा, मी चहा घेतो तोवर."

मालकांनी मुख्य संपादकांकडे बघितलं. मुख्य संपादकांनी छताकडे बघितलं. चहा आला.

चहाचा घोट घेऊन पलीकडचे जरा सैल झाले. "एक मात्र सांगतो. हा शब्द खरंच इथं कुणी घडवला असेल ना, तर त्याला माझा दंडवत. आपण जन्मभर दुसऱ्यांचे शब्द वेचत बसतो. एखाद्यानं घडवलेला लोकांच्या तोंडी बसला, असं मी तरी पाहिलं नाही. पेपरवाल्यांना कळलं तर डोक्यावर घेतील त्याला. असं करा, तो माणूस दाखवा. पुढच्या आवृत्तीत मी या शब्दाखाली त्याचं नाव छापतो, आणि तुम्ही नोटीस मागे घ्या."

मालकांच्या डोळ्यांत एकदम जाहिरात चमकली. "कुणी केला हा शब्द?"

अर्थराव उभे राहिले. उभे राहून नोकरीत त्यांनी आजवर फक्त रजा मागितली होती. "मी केला," ते म्हणाले.

"पुरावा?"

"सापळ्याचा कागद ठेवत नाहीत, मालक. पण सरांना माहीत आहे. सरांच्या कानात सांगितला होता मी."

सगळ्यांनी मुख्य संपादकांकडे बघितलं. ते डोळे मिटून बसले होते. आठवत असावेत, आणि आठवण जशी येईल तशी येऊ देत असावेत. त्या माणसावर अन्याय नको. ते काही लबाड नव्हते. त्यांना आपण केलेलं आणि आपल्यासमोर झालेलं यांतला फरक कधी दिसलाच नव्हता, एवढंच.

"हो तर," ते डोळे उघडून म्हणाले. "चांगलं आठवतंय. आमच्या चर्चेतूनच निघाला तो."

अर्थरावांना 'आमच्या' जरा टोचलं, पण साक्ष मिळाली होती, म्हणून ते गप्प बसले. इथेच चुकले. पलीकडचे संपादक निघाले तेव्हा मुख्य संपादक त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि पहिल्या पायरीवर 'कल्पना माझी, अर्थलेखन अर्थरावांचं' असं म्हणाले. शेवटच्या पायरीपर्यंत अर्थलेखनही स्वतःच्याच पदरात पडलं. दुसऱ्या दिवशी वार्ताहर आली तेव्हा ते तिला सांगत होते, "एकदा जेवताना सुचला. घास हातात होता."

घास हातात होता, हे खरंच होतं.

अर्थराव मालकांकडे गेले. "मालक, तो शब्द माझा आहे हो."

मालकांनी दार लोटून घेतलं. "अर्थराव, तुम्हाला खोटं पाडत नाही मी. पण विचार करा. इतक्या मोठ्या कोशाचा संपादक शब्द घडवतो, हे लोकांना पटतं. प्रुफं चाळणारा घडवतो, हे पटायला फार समजावून सांगावं लागतं. जाहिरातीत तेवढी जागा नसते."

"मग निदान शीर्षकपानावर..."

"हां, तेच बोलायचं होतं. सरांच्या नावाखाली एकच ओळ बसते. तिथं आता 'ड्रॉफल या शब्दाचे जनक' असं घालायचंय. तुमचं प्रस्तावनेत घेऊ की. आहेच ना तिथं?"

आहेच म्हणजे काय, होतंच. कागदवाल्यानंतर.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. तिने काढून ठेवलेलं भिंग परत कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "मी भावाला प्रकाशन समारंभाचं निमंत्रण देऊन बसलेय हो."

मेव्हणा सहकुटुंब आला आणि पहिल्या रांगेत बसला. मुख्य संपादकांनी भाषण केलं. भाषेचं न्यायालय पुन्हा भरलं. शेवटी त्याच वार्ताहर मुलीने हात वर करून विचारलं, "सर, हा अर्थ इतका जिवंत आहे. लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?"

अर्थराव खुर्चीत पुढे सरकले. असे प्रसंग माणसाला आरशासमोर उभं करतात, असं त्यांनी वाचलं होतं. मुख्य संपादकांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी हातातला कोश मिटला.

"नाव घेत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. लिहिताना कुणीच नव्हतं. तो माणूस मला आत्ता आत्ता दिसला. माझ्या या शब्दावरसुद्धा हक्क सांगणारे निघाले, अगदी माझ्याच कार्यालयात. तेव्हा कळलं, आपण किती अचूक लिहून बसलो होतो."

हशा पिकला. कार्यालयातली मंडळी मान वळवून अर्थरावांकडे बघू लागली, आणि ती कुठे बघतायत म्हणून बाकीचे बघू लागले. मुख्य संपादक व्यासपीठावरून उतरले, सरळ अर्थरावांकडे आले आणि मोठ्या मनाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. फोटो निघाला.

मेव्हणा बाहेर भेटला. "दाजी, अभिनंदन. नाव नाही आलं तरी काय झालं? शब्दच तुमच्यावर केलाय म्हणे."

बायको आपल्या भावाकडे बघून म्हणाली, "घरी जा तू आता." परतताना तिने अर्थरावांचा दंड धरला होता, जो एरवी रस्ता ओलांडतानाच धरायची. मुलगी जरा मागून चालत होती. कोपऱ्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच केला होतात ना?"

"कशावरून म्हणतेस?"

"आमचा मॅनेजर असाच थोपटतो."

"मग तुमच्या ऑफिसात सांग एकदा."

"सांगेन," ती म्हणाली, पण तिच्या आवाजावरून अर्थरावांना कळलं, की ऑफिसात आता फलकाखाली मुख्य संपादकांचा फोटो लागलेला असणार.

निवृत्तीच्या दिवशी अर्थराव खण आवरत होते. पेन्सिली, खोडरबर, आणि ते पहिलं कच्चं प्रूफ, शीर्षकपानाचं, ज्यात दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव होतं. ते पुन्हा घरी न्यावं की टाकावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. हातात धरून ते उभे होते. छातीत जे काही होत होतं, ते त्यांना चार नेमक्या शब्दांत लिहून काढता आलं असतं, व्याकरणासकट. पण त्याला म्हणतात काय, हे सुचत नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे अर्थ होता आणि शब्द नव्हता.

"अर्थराव, आहात का अजून?" आतून मुख्य संपादकांची हाक आली.

ते आत गेले. पुढच्या छपाईसाठी ड्रॉफलच्या नोंदीत एक उदाहरण घालायचं होतं. मुख्य संपादकांनी ते लिहून ठेवलं होतं. 'उपसंपादकाने संपादकाचा शब्द ड्रॉफल केला.'

"जरा नजर टाका. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मला चैन पडत नाही बघा."

अर्थरावांनी नजर टाकली. शुद्धलेखनाची चूक नव्हती. वाक्य निर्दोष होतं. अर्थाप्रमाणे थापही हवी, ती उदाहरणात नाही, एवढं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"बघा, सगळं कसं जमून आलं," मुख्य संपादक समाधानाने म्हणाले. "तुमच्याशिवाय झालं नसतं हे. खरंच सांगतो. भाषा तुमची ऋणी राहील." आणि टाळीसाठी मागे रेलले.

चाक निखळून थेट अर्थरावांच्या पायाशी येऊन थांबलं. मुख्य संपादक तिरके झाले, तसेच राहिले, आणि त्यांची नजर अर्थरावांच्या हातातल्या प्रुफाकडे गेली.

"जाता जाता तेवढं चाक बसवून जाल का?" ते म्हणाले. "तो कागद चालेल, तुमच्या हातातला. जाड दिसतोय. मागचा फार लवकर झिजला."